वाचताना लागते ती तंद्री लिहिताना का लागत नाही?

ताई,
मी ४३ वर्षांची, एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. घरी नवरा, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई आहेत. लहानपणापासून वाचनाचं वेड. माळ्यावर ट्रंकांच्या मागे बसून वाचायचे. आई खालून हाका मारून थकायची, मला ऐकूच यायचं नाही. गेली काही वर्षं कथा लिहिते. चार-पाच छापून आल्या, एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. पण हल्ली रात्री सगळं आवरून साडेदहाला बसले की दोन ओळी होतात, एखादा शब्द अडतो, तो शोधायला फोन घेते आणि मान वर करते तेव्हा साडेअकरा झालेले असतात. वाचनाचंही तेच. दहा पानं झाली की मन सटकतं. आमच्या लेखनगटात लोक रोज किती शब्द लिहिले ते टाकतात, ते बघून हातपायच गळतात. जे लिहिते त्याला वाचलेल्या पुस्तकांचा वास येतो. तीन कथा अर्ध्यावर पडल्यात. महिनाभर बिनपगारी रजा घेऊन एकदाच मन लावून लिहावं, असं वाटतंय. नवरा म्हणतो, 'छंदच आहे ना, मग एवढा जीव कशाला काढतेस?' मलाही कळेनासं झालंय, मी खरंच लेखिका आहे की मला लेखिका होण्याची नुसती हौस आहे?
– अर्ध्यावरची

प्रिय अर्ध्यावरची,

रजा घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण रजेचा अर्ज एव्हाना तुम्ही मनात तरी लिहून ठेवला असणार. तो लिहिताना शब्द अडले नाहीत आणि फोनही आठवला नाही. असं का, तिकडे येतेच.

रजेला माझा विरोध पगारासाठी नाही. रोजचा तास ज्या कारणाने हातचा जातोय, त्याच कारणाने महिनाही जाईल आणि मग 'वेळच मिळत नाही' ही सोयीची सबबही उरणार नाही. निवृत्त झालेल्या मंडळींचीही अशीच पत्रं मला येतात. ज्या मोकळ्या सकाळची वर्षानुवर्षं वाट पाहिली ती उगवते, खिडकीपाशी टेबल लागतं, कुणी चांगलं पेन भेट देतं, आणि पहिल्याच आठवड्यात माणूस जुनी कपाटं आवरायला घेतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते माळ्याबद्दलचं वाक्य. आईच्या हाका ऐकू न येण्याचं. साडेदहाला लॅपटॉप उघडताना तुम्ही त्याच अवस्थेची वाट बघत असता, असं माझं निदान आहे. बसलं की आजूबाजूचं सगळं नाहीसं होईल, कथा आपल्याला ओढून नेईल आणि भानावर येऊ तेव्हा दहा पानं झालेली असतील. हौशी लेखकांपैकी बहुतेकांच्या मनात हे असतं, कारण आपण सगळे वाचता वाचताच लिहायला लागलेलो असतो. पुस्तकाने जे सुख दिलं तेच लिहितानाही मिळेल, असं आपण न बोलता धरून चालतो. ते मिळत नाही, म्हणून मग फोनला दोष, नोकरीला दोष, वयाला दोष.

वाचणं म्हणजे गाडीच्या खिडकीशी बसून घाट बघणं, आणि लिहिणं म्हणजे त्याच घाटात रस्ता खणणं. डोंगर एकच असला तरी खणणाऱ्याला तंद्री लावून बसता येत नाही. त्याला दर चार फुटांवर थांबून बघावं लागतं की आपण कुठे चाललोय.

हे निव्वळ माझ्या मनातलं नाही. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोन अमेरिकन अभ्यासकांनी माणसांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावलं आणि ते सगळं नोंदवून १९८१ साली आपली मांडणी प्रसिद्ध केली. तोवर शाळेत शिकवायचे, की आधी विचार करा, मग लिहा, मग तपासा. प्रत्यक्षात कुणीच तसं लिहीत नव्हतं. अर्धं वाक्य झालं की माणूस मागे जाऊन पहिलं खोडतो, खोडताना पुढच्या परिच्छेदाचं काहीतरी सुचतं, ते टिपेपर्यंत मूळ वाक्य हरवतं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचतो. पुढे संगणकावरच्या प्रत्येक कळीची वेळ नोंदवणारे अभ्यास झाले, त्यांतही दिसलं की लिहिणाऱ्याचा बराचसा वेळ बोटं थांबलेल्या अवस्थेत जातो. म्हणजे दोन ओळींनंतर तुम्ही थांबता यात काही बिघडलेलं नाही. थांबणं या कामातच आहे. तुमचा घोटाळा त्या थांबण्यात फोन शिरतो हा आहे, आणि तो का शिरतो हे समजून घेण्यासारखं आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या ग्लोरिया मार्क गेली वीस वर्षं माणसं पडद्यासमोर बसून काय करतात ते मोजतायत. २००४ साली त्यांच्या मोजणीत माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ४७ सेकंदांवर आलाय. हा आकडा सगळीकडे फिरतो, तुम्हीही कुठेतरी वाचला असेल, बहुधा साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान. त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. लक्ष तुटण्याच्या प्रसंगांपैकी जवळपास निम्मे प्रसंग बाहेरून येतच नाहीत. घंटी वाजलेली नसते, कुणी हाक मारलेली नसते. माणूस आपणहून उठतो.

तुम्ही आपणहून कधी उठता, ते तुमच्याच पत्रात आहे: 'एखादा शब्द अडतो.' शब्द अडला म्हणजे त्या जागी काय लिहायचं हे ठरलेलं नाही. ठरवायचं तर ते चुकीचं ठरण्याची भीती, आणि हातात एक असं यंत्र, की ज्यात काहीच ठरवावं लागत नाही. रजेचा अर्ज अडत नाही, कारण त्यात काय म्हणायचंय हे पक्कं असतं आणि तो सुंदर असावा अशी कुणाचीच अपेक्षा नसते.

म्हणून फोनवर फार राग धरू नका. फोन नव्हता तेव्हाही हौशी लेखकांना उठायला कारणं भरपूर होती, आणि फोन बंद करूनही ती मिळतात. पात्राचं नाव बदलायचं असतं. आता जे आहे ते फार सोज्वळ वाटतं. अक्षरांचा टाइप बदलून बघायचा असतो. आपलीच मागच्या वर्षी छापून आलेली कथा, नुसता सूर पकडायला म्हणून, पुन्हा वाचायची असते. ('सूर पकडायला' हे मी कित्येकांकडून ऐकलंय. सगळे ती शेवटपर्यंत वाचतात.) नायक रेल्वेने गावी येतोय तर त्या काळी इंजिन कोळशाचं होतं की डिझेलचं हे तपासायचं असतं, आणि पाऊण तासाने तुम्हाला इंजिनांबद्दल सगळं कळलेलं असतं, नायक मात्र अजून फलाटावरच उभा. फाइलचं नाव 'अंतिम', मग 'अंतिम २', मग 'हीच अंतिम'. ऱ्हस्व-दीर्घ तपासणं ही तर अत्यंत प्रतिष्ठित पळवाट, तिला कुणी नावं ठेवूच शकत नाही.

यातला सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे थोर लेखकांची वेळापत्रकं वाचणं. कोण पहाटे चारला उठायचा, कोण उभ्याने लिहायचा. तुमच्या गटात अशी चित्रं फिरत असणारच. त्यातलं एक नेहमीचं नाव अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचं. पोस्टात ३३ वर्षं नोकरी केली आणि ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. हे वाचून आपण स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो. पण त्याच्याच आत्मचरित्रात आणखी तीन गोष्टी आहेत आणि चित्रांवर त्या येत नाहीत. पहाटे हाक मारायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. रेल्वेत पेन्सिलीने खरडलेली पानं नंतर सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची त्याची बायको. आणि तिसरी गोष्ट, जी तुमच्या कामाची आहे: रोजच्या लिखाणाच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो काहीच नवं लिहीत नसे, आदल्या दिवशीचं वाचत असे. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या घरी होणार नाहीत. तिसरी फुकट आहे, ती घ्या.

दुसरी गोष्ट कोलरिज या इंग्रज कवीची. कवीने १७९७ च्या सुमारास झोपेत दोन-तीनशे ओळींची कविता रचली, उठून उतरवू लागला, तेवढ्यात पोरलॉक गावचा कुणी माणूस कामासाठी आला आणि तासभर बसला. परत येऊन बघतो तर कविता विरून गेलेली, ५४ ओळी काय त्या उरल्या. कवीने स्वतःच १८१६ मध्ये कविता छापताना प्रस्तावनेत असं लिहिलंय. तो पाहुणा खरोखर आला होता का, याबद्दल अभ्यासकांना पुढे बऱ्याच शंका आल्या. मला ती प्रस्तावना फार आवडते. कविता पुढे सरकत नाही हे सांगण्यापेक्षा पाहुणा आला हे सांगणं किती सोपं, आणि इतक्या मोठ्या कवीलासुद्धा ते सोपं वाटलं असेल तर तुमच्या-माझ्या फोनचं काय घेऊन बसलात!

आता व्यवस्थेचं बोलते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. २०१७ साली टेक्सासमध्ये झालेल्या एका प्रयोगात फोन टेबलावर नुसता पडून असला, बंद असला, तरी माणसांची कामगिरी थोडी घसरलेली दिसली आणि फोन दुसऱ्या खोलीत असणाऱ्यांची सगळ्यांत चांगली ठरली. नंतरच्या काही प्रयोगांत तेवढा फरक सापडला नाही. विज्ञानाचा निकाल काहीही लागो, दुसऱ्या खोलीतला फोन आणायला उठावं लागतं, खोलीत सासूबाई झोपलेल्या असल्या तर चोरपावलांनी जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात आपण काय करतोय हे आपल्याला कळतं. एवढं पुरे.

शब्द अडला तर त्या जागी फुली मारा आणि पुढे जा. इंजिनाच्या जागीही फुली. फुल्या भरण्याचं काम वेगळ्या दिवशी करा. ते काम थकल्या डोक्यानेही होतं, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या फुल्यांच्या जागी काहीच लागत नाही असं तेव्हा दिसतं.

साडेदहाची वेळ मला पसंत नाही. दिवसभर आकडे जुळवलेले, घरातल्या सगळ्यांचं सगळं झालेलं, आणि मग उरलेल्या डोक्याने जगातलं सगळ्यात अनिश्चित काम करायचं! एखादा तास सलग हवाच, असं तुम्ही धरून बसलात कारण माळ्यावर सलग दुपार मिळायची. कथेला वीस मिनिटं पुरतात, जर काय लिहायचंय ते आधी ठरलेलं असेल. ठरवायला टेबल लागत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्यांनी ओव्या रचल्या, त्यातल्या काही मुलाने आणि आप्तांनी उतरवून घेतल्या म्हणून वाचल्या, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांचा संग्रह निघाला. त्यांची प्रतिभा मागून मिळणारी नाही, आणि कष्टाचं कौतुक करून बायकांना आणखी कष्टाला लावायचा माझा बेत नाही. मला एवढंच दाखवायचंय की हात गुंतलेले असताना मन मोकळं असू शकतं. कपडे वाळत घालताना, चालताना, बसमध्ये उभं असताना. फोन नेमकं उलटं करतो, हात रिकामे ठेवतो आणि मन भरून टाकतो. तेव्हा दिवसातलं एखादं हाताचं काम कानात काही न खुपसता करा आणि त्यात एकच गोष्ट ठरवा: पुढचं वाक्य कोण बोलतं. मग वीस मिनिटं कुठेही काढा, ऑफिसातल्या मधल्या सुट्टीतसुद्धा.

उठताना मात्र वाक्य पूर्ण करून उठू नका. पुढचं ठाऊक असतानाच थांबा, मधेच, क्रियापदाच्या आधी. दुसऱ्या दिवशी बसल्यावर पहिलं काम सोपं असायला हवं. नाहीतर पहिल्याच मिनिटाला निर्णय, आणि निर्णय आला की फोन आलाच.

गटातल्या आकड्यांबद्दल. अमेरिकेत १९९९ साली एकवीस मित्रमंडळींनी जुलै महिन्यात कादंबरीचा कच्चा खर्डा काढायची टूम काढली. लक्ष्य ५०,००० शब्दांचं. पुढे हा उपक्रम नोव्हेंबरात गेला, जगभरातले लाखो हौशी लेखक त्यात उतरले, आणि २०२५ मध्ये तो चालवणारी संस्था बंद झाली. तीस दिवसांनी भागलं की रोजचे १,६६७ शब्द येतात. रोजचा आकडा जाहीर करायची सवय लोकांत रुजली त्यात या उपक्रमाचा वाटा मोठा. कादंबरीच्या खर्ड्याला ती पद्धत ठीक असेल. तुम्ही दोन-अडीच हजार शब्दांची कथा लिहिता. रोज १,६६७ लिहिलेत तर परवा संपेल आणि वाचवणार नाही. कथेत ज्या दिवशी तीनशे शब्द कापले तो चांगला दिवस असतो, आणि गटात तो उणे तीनशे म्हणून टाकावा लागेल. गट सोडू नका, माणसं बरी असतील. त्या आकड्यांची सूचना तेवढी बंद करा.

वाचनाबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात, पण मला तिथे जरा थांबायचंय. व्हिक्टर नेल नावाच्या दक्षिण आफ्रिकी मानसशास्त्रज्ञाने निव्वळ आनंदासाठी वाचणाऱ्या माणसांचा अभ्यास करून १९८८ साली एक पुस्तकच लिहिलं. त्यात असं आढळलं की जी पानं वाचकाला सगळ्यात आवडतात ती तो सावकाश वाचतो. हे वाचून मला माझेच जुने उन्हाळे आठवले. शेवटची पानं उरली की मुद्दाम रेंगाळणं, संपायला नको म्हणून पाणी प्यायला उठणं. म्हणजे उठत होतोच की आपण. तुमच्या माळ्यावरच्या दुपारीही तुम्ही उठला असाल, मुंग्या बघत बसला असाल, पुढची पाच पानं गाळली असतील. आठवणीत ते राहत नाही.

शिवाय तेव्हा तुम्ही काय वाचत होतात? हाताला लागेल ते. आता काय वाचता? माझा अंदाज, लेखिकेने वाचायला हवं ते. कुणीतरी यादी दिलेली असते, पुरस्कार मिळालेला असतो, आणि वाचताना एक डोळा याने हे कसं केलं असेल इकडे. दहा पानांनी मन सटकलं तर मी मनाच्या बाजूने आहे. महिनाभर एकही महत्त्वाचं पुस्तक वाचू नका. रहस्यकथा वाचा, भुताच्या वाचा, लहानपणी तीनदा वाचलेलं चौथ्यांदा वाचा, नाही आवडलं तर मधेच टाका. लहान मुलं टाकतातच, त्यांना कुणी त्याबद्दल अपराधी वाटायला लावलेलं नसतं.

त्यातूनच तुमच्या वासाच्या तक्रारीवर एक उपाय निघतो. लहानपणी मनात घर करून राहिलेला एखाद्या पुस्तकातला प्रसंग घ्या. पुस्तक न उघडता तो आठवेल तसा लिहून काढा, एक-दीड पान. खोली कशी होती, कोण कुठे उभं होतं, शेवटचं वाक्य कोण बोललं. मग पुस्तक मिळवा आणि ताडून बघा.

फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने असाच एक प्रयोग करून १९३२ साली प्रसिद्ध केला होता. केंब्रिजमधल्या लोकांना त्याने उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने, कधी फार काळाने, आठवून लिहायला सांगितलं. कथा आखडत गेली, त्यांना परके असलेले तपशील गळाले, गोष्टीतली लांबट होडी साधी नाव झाली, सीलच्या शिकारीला गेलेले लोक मासे पकडू लागले. प्रत्येकाने आपल्या जगाला पटेल अशी गोष्ट नकळत रचली होती.

तुमच्या बाबतीतही हेच झालेलं दिसेल. पुस्तकात जी खिडकीच नाही ती तुम्ही लिहिलेली असेल. जे पात्र त्या प्रसंगात गप्प आहे, त्याच्या तोंडी तुम्ही एक वाक्य घातलं असेल आणि ते इतकी वर्षं तुम्हाला पाठ असेल. ती खिडकी आणि ते वाक्य तुमचं आहे. मूळ लेखकाचा त्यावर काडीचा हक्क नाही. असे तीन-चार प्रसंग केलेत की आपण नेहमी कुठे बदल करतो, काय वाढवतो, कुणाची बाजू घेतो, हे दिसायला लागेल, आणि स्वतःच्या शैलीबद्दल कुठल्याही कार्यशाळेत कळणार नाही ते कळेल. बाकी वास येतो तर येऊ दे. पहिल्या खर्ड्यात सगळ्यांनाच येतो, दुसऱ्यात कापायचा.

नवऱ्याच्या बोलण्यात मला कुचकेपणा दिसला नाही. त्यांना बहुधा तुम्ही साडेअकराला खोलीत कसलं तोंड घेऊन येता तेवढंच दिसतं. छंदात जीव काढायचा नसतो, असं मानणाऱ्याने कुणाला क्रिकेटच्या सामन्यापुढे बसलेलं पाहिलेलं नसावं. पण त्यांच्या म्हणण्यात एक उपयोगाची गोष्ट आहे. छंद आहे म्हणजे तारीख नाही, संपादक नाही, मानधनाची वाट बघणं नाही, वाईट लिहिलं तरी कुणाचं बिघडत नाही. व्यावसायिक लेखकांना हे सुख मिळत नाही. तुम्ही मात्र छंदाची मोकळीक न वापरता धंद्याची धास्ती तेवढी घेऊन बसलात.

'मी लेखिका आहे का' याचं उत्तर मी देणार नाही. चार-पाच कथा छापून आलेल्या बाईला हा प्रश्न दिवसाढवळ्या पडत नाही, वाक्य अडल्यावर रात्री पडतो. त्यालाही फुलीच मारा.

उरल्या तीन कथा. पत्रासोबतच्या कागदावर तुम्ही तिन्हींचा गोषवारा दिलाय. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला तुम्ही चार ओळी दिल्यात, निवृत्त टंकलेखिकेला पाच. आईमागे घराची वाटणी करणाऱ्या दोन बहिणींवर मात्र पाऊण पान, आणि त्यात ते शिलाई मशीन: दोघींनाही हवंय, दोघींनाही शिवता येत नाही, आणि धाकटीने आदल्या रात्री त्यातली खालच्या दोऱ्याची बॉबिन केस काढून पर्समध्ये टाकलीय. हे तुम्ही गोषवारा म्हणून लिहिलंत, म्हणून न अडता लिहिलंत. कथेची सुरुवात घराच्या वर्णनाने होते असं तुम्ही म्हणता आणि तिथेच ती दोन महिने अडलीय. ते वर्णन सोडा. थोरली मशीन चालवून बघते आणि खालचा दोरा येत नाही, तिथून सुरू करा. धाकटी त्या वेळी खोलीत आहे की नाही, एवढं उद्या कपडे वाळत घालताना ठरवा. बाकीच्या दोन कथांची फाइल महिनाभर उघडू नका, आणि यातलं काही गटाला सांगू नका.

तुमची,
ताई